सुतकातल्या वाती

माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. म्हणून मी त्याला दादा म्हणायचे, आणि त्या दादाच्या सदऱ्याची बटणं मीच लावायचे. तिशी उलटलेला माणूस, दारातून आत येताना मान वाकवावी लागे एवढा उंच, पण बटण काजात घालायचं म्हटलं की त्याची बोटं अडायची. बोलायचा कमी. बोलला तर चार शब्द, आणि त्या चार शब्दांआधी एक मोठा श्वास. लहानपणी दोन वर्षं शाळेत बसवून पाहिला, मास्तरांनी हात टेकले. तेव्हा अशा माणसाला शब्द एकच होता, खुळा. कुणी मायेनं म्हणे, कुणी चिडवायला म्हणे, पण म्हणत सगळे. तो शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग अजूनही मस्तकात जाते.

ठाण्यात टेंभी नाक्याच्या मागच्या आळीत दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो, आई, दादा आणि मी. वडील मी बारा वर्षांची असताना गेले. मी नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेत शिकवायचे. माझं लग्न झालं नाही, आणि ते दादामुळे झालं नाही असं नातेवाईक म्हणत. साफ खोटं. ते माझ्या जिभेमुळे झालं नाही, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

प्रश्न होता तो दिवसाचा. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच मी शाळेत. दादाला दार उघडं दिसलं की तो चालू लागे. एकदा तो मिठागरांपर्यंत गेला. तिथल्या माणसांनी त्याला सावलीत बसवून पाणी दिलं आणि एकानं हाताला धरून घरी आणून सोडलं. आळीतल्या पोरांनी मात्र त्याच वाटेवर त्याच्यावर दगड मारले होते. कपाळावरची खोक घेऊन तो आला आणि आईला म्हणाला, "पोरं खेळत होती." आई तेव्हा साठीला आली होती. छातीत धडधडायचं, चार पायऱ्या चढली की बसायची. ती दादाच्या मागे किती धावणार? मी शाळेत पाढे म्हणून घ्यायचे आणि माझा जीव तिकडे घरी टांगलेला असायचा.

अशात एके दिवशी बाई आमच्या घरी आल्या. मुलींच्या शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या, विधवा, ताठ कण्याच्या. मला चौथीत त्याच होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा दादासारखाच होता, हे सगळ्यांना माहीत होतं. तो विसाव्या वर्षी तापानं गेला. वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. मग एकदम आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि आईला म्हणाल्या की मला दिवसभर रिकामं बसवत नाही, तुमचा मुलगा सकाळी माझ्या ओसरीवर पाठवा, संध्याकाळी घेऊन जा. आईनं आधी नाही म्हटलं. लोक काय म्हणतील वगैरे. मी म्हटलं, लोक गेले खड्ड्यात. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी दादाला तिथे सोडलं.

बाईंचं घर तलावाच्या बाजूला, कौलारू, पुढे लांब ओसरी. हळूहळू तिथे चारजण झाले. दादा. एका औषधाच्या दुकानदाराचा भाऊ, चाळिशीचा, ज्याला बोलताच यायचं नाही पण हसायचा फार. बाळकुमच्या बाजूच्या एका आगरी बाईची बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. आई मासळी घेऊन बाजारात येई आणि येता येता हिला ओसरीवर सोडून जाई. आणि कोर्टातल्या एका कारकुनाची बहीण, जी दिवसभर पदराचं टोक चावायची. आळीतले लोक त्या ओसरीला काहीबाही नावं ठेवत. बाईंच्या कानावर ती जात असणारच. त्यांनी कधी दाखवलं नाही.

बाईंचा एकच नियम होता, की नुसतं बसायचं नाही. रिकामं बसलं की माणूस माणसाला चिमटे काढतो, असं त्या म्हणत, आणि हे खुळ्यांपेक्षा शहाण्यांना जास्त लागू आहे असंही म्हणत. त्यांनी काम शोधलं ते वाती वळायचं. घराघरांत रोज देवापुढे वात लागते, आणि वेळ कुणालाच नसतो. सकाळी आल्याबरोबर सगळ्यांनी हातपाय धुवायचे. आगरी मुलगी कापसातली सरकी काढी. तिच्या हातची वात लोकांना चालणार नाही म्हणून तिनं कापूस साफ करायचा. कापूस चालतो आणि वात चालत नाही, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय देव जाणे. कारकुनाची बहीण कापूस पिंजून सारखा करी. दादा आणि दुकानदाराचा भाऊ वाती वळत. दादाला मोजता यायचं नाही, म्हणून पाच वाती झाल्या की त्या पाच बोटांवर टेकवून बघायच्या आणि वाटीत एक चिंचोका टाकायचा, असं बाईंनी त्याला शिकवलं. शिकवायला तीन महिने लागले. तीन महिने! मी असते तर तिसऱ्या दिवशी वाटी फेकून दिली असती.

पण जी बोटं बटणाशी हरायची, ती कापसाशी जमली. मांडीवर तळव्यानं एकदा पुढे, एकदा मागे, आणि वात तयार. घट्ट, सारखी, दोन्ही टोकांना निमुळती. संध्याकाळी घरी आला की आईपुढे उभा राहायचा, मोठा श्वास घ्यायचा आणि सांगायचा, "आज कामावर गेलो होतो." रोज. आळीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत. आई हसली नाही कधी. ती म्हणायची, दमला असशील, बस. आणि मला चहा न देता आधी त्याला द्यायची.

असं अडीच वर्षं चाललं. आमच्या घरातली ती अडीच वर्षं सुखाची, मी छातीवर हात ठेवून सांगेन.

मग मामलेदार कचेरीतल्या एका साहेबांच्या बायकोनं लाख वातींचा नेम बोलला. तिचा मुलगा छातीच्या विकारानं मिरजेला दवाखान्यात होता. तो बरा व्हावा म्हणून त्रिपुरी पौर्णिमेला देवापुढे लाख वाती लावायच्या. एकटीनं लाख वाती कशा व्हायच्या? तिनं आपल्या हातानं जमतील तेवढ्या केल्या आणि बाकीच्या बाईंकडे सोपवल्या. अट एवढीच, की सगळं सोवळ्यात व्हावं. बाईंनी ती अट कसोशीनं पाळली. धुतलेले कपडे वेगळे ठेवले, आगरी मुलीनं महिन्याचे चार दिवस घरीच राहायचं ठरवून दिलं, कापूस ठेवायला नव्या टोपल्या आणल्या. श्रावणापासून ओसरीवर दुसरं काम नव्हतं. साहेबांची बायको अधूनमधून यायची, टोपलीपाशी बसायची आणि दादाला म्हणायची, छान झाल्यात हो वाती. दादा माझ्या शाळेतल्या पोरांसारखा लाजायचा. तिला मी वाईट म्हणणार नाही. तिचं काळीज मिरजेला अडकलं होतं.

पौर्णिमेला सहा दिवस राहिले होते. पहाटे मला जाग आली ती आईचा श्वास ऐकू येईना म्हणून. मी हात लावला. सगळं संपलं होतं. दिवाळीच्या कामांनी थकली होती, पण असं काही होईल असं वाटलं नव्हतं. मी रडले नाही. तेव्हा वेळच नव्हता. दादा बाहेरच्या खोलीत झोपला होता आणि माझ्या डोक्यात एकच विचार आला, की ह्याला हे दिसता कामा नये. आई गेली म्हणजे काय हे ह्याला कसं समजावू? प्रेत बांधताना बघेल, ओरडेल, तिला सोडणार नाही. मी मागच्या दारी जाऊन भिंतीपलीकडच्या शेजारणीला हाक मारली, तिच्या नवऱ्याला कल्याणला चुलतभावाकडे धाडलं आणि दादाला उठवायला गेले. तो उठलेलाच होता. आईच्या खोलीच्या दारात उभा होता. मी त्याला दंड धरून मागे ओढलं आणि म्हटलं, आई झोपलीय, तिला बरं नाही, उठवू नकोस. त्याचं तोंड धुतलं, बटणं लावली, दूध दिलं. तो दाराशी थांबला. मी म्हटलं, "कामावर जायचंय ना? चल, जा." आणि मागच्या दारानं त्याला घेऊन निघाले.

बाईंना मी काय सांगितलं? खोटं सांगितलं. आईला जरा बरं नाही, आज लवकर सोडते आणि उशिरा नेते, एवढंच. खरं सांगितलं असतं तर बाईंनी त्याला वातींना हात लावू दिला नसता. कोपऱ्यात बसवला असता, त्यानं विचारलं असतं, आणि सगळं तिथेच उघडं पडलं असतं. म्हणून मी बोलले नाही. सुतक माझ्या ध्यानात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण मी मनाशी म्हटलं, ह्याला कसलं आलंय सुतक, हा तर लेकरू आहे. मला वाटलं मी त्याच्यावर दया करतेय.

दुपारी आईला नेली. चुलतभावानं अग्नी दिला. सख्खा मुलगा असताना पुतण्यानं का, असं कुणीही विचारलं नाही. काका म्हणाले की त्याला काय कळतंय, उगाच तमाशा नको. मीही मान हलवली. संध्याकाळी शेजारीण दादाला घेऊन आली. त्या दिवशी त्यानं रोजच्यापेक्षा जास्त वाती केल्या होत्या, असं बाई नंतर म्हणाल्या. मान वर न करता वळत बसला होता. आणि त्याच संध्याकाळी साहेबांकडची मोलकरीण येऊन दिवसाच्या वाती घेऊन गेली होती. त्या मोठ्या टोपल्यांत आधीच्या हजारो वातींत मिसळल्या. कुठल्या कुणाच्या, कुठल्या दिवशीच्या, आता देवालाही निवडता आल्या नसत्या.

आळीत बातमी राहते होय? दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या बायकोला कळलं की काल जिच्या मुलानं दिवसभर आपल्या वाती वळल्या, ती बाई काल पहाटेच गेली होती. ती ओसरीवर आली तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. बाईंच्या पायरीवर बसून रडली म्हणे. आता पाच दिवसांत मी लाख वाती कुठून आणू, माझ्या मुलाचं काय होईल, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. टोपल्या परत आल्या. बाईंनी त्या खाडीत सोडायला लावल्या.

मला हे सगळं शेजारणीकडून कळलं. मी सुतकात, घरात बसलेली. मला फार राग आला होता. राग कुणाचा, तेही कळत नव्हतं. काल स्मशानात अग्नी द्यायला दादा मुलगा नव्हता. त्याला काय कळतंय, म्हणाले. आज वाती बाटल्या तेव्हा मात्र तो मुलगा झाला, पक्का, रक्ताचा, दहा दिवसांचं सुतक धरणारा मुलगा. हे मी भांडून सांगितलं असतं, पण सांगणार कुठल्या तोंडानं? खोटं तर मीच बोलले होते. बाईंनी मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. त्यांनी निरोप पाठवला तो एवढाच, की आईच्या दिवसांत स्वतःची काळजी घे.

दिवसकार्य सगळं कल्याणला चुलतभावाकडे झालं. मी दादाला घेऊन घरी राहिले. त्याला सांगितलं की आई काकांकडे कल्याणला गेलीय, बरं वाटलं की येईल. आईच्या जागेवर दिवा ठेवला होता. तो त्या दिव्यासमोर बसून राहायचा. हा दिवा कसला, असं त्यानं विचारलं नाही. आई कधी येणार, असंही विचारलं नाही. एकदासुद्धा नाही. भेटायला येणारे म्हणत, सुटला बिचारा, ह्याला दुःख नाही. मीही तसंच म्हणत होते.

चौदाव्या दिवशी मी त्याला घेऊन बाईंकडे गेले. ओसरीवर कुणी नव्हतं. कारकुनानं बहिणीला घरी ठेवून घेतलं होतं, दुकानदारानं भावाला. वाती वळायला आता कोण देणार त्यांना? फक्त आगरी बाई मुलीला घेऊन पायरीशी उभी होती आणि बाईंचे दीर दारात उभे राहून मोठमोठ्यानं बोलत होते. घर अर्धं त्यांच्या नावावर होतं आणि ती ओसरी त्यांच्या डोळ्यांत पहिल्यापासून खुपत होती. आता निमित्त मिळालं. दादा नेहमीसारखा पाय धुवायला घंगाळाकडे निघाला, तेव्हा ते त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "ह्याच्याच हातानं सगळं बाटलं. आता पुरे झालं." बाई आतून आल्या. त्यांनी दादाच्या पाठीवरून हात फिरवला. आगरी बाई तेवढी बोलली. "आमच्यात मानूस मेला तरी मिठागरावर जावाच लागतं, बाय," ती मला म्हणाली, आणि मुलीच्या डोक्यावर पदर ओढून तिला घेऊन गेली. ती मुलगी पुढे दिवसभर कुठे राहिली, मला माहीत नाही. मी कधी विचारायला गेले नाही. पुढच्या महिन्यात बाई भाच्याकडे निघून गेल्या आणि ओसरीला लाकडी जाळी बसली.

मला ठाण्यात राहवेना. डोंबिवलीला एका शाळेत जागा मिळाली ती घेतली. तेव्हाची डोंबिवली म्हणजे थोडी कौलारू घरं, विहिरी आणि भातशेती. कुणी आम्हाला ओळखत नव्हतं. हेच हवं होतं मला. एक खोली आणि पडवी घेतली. पण दहा ते पाचचं काय? आई नव्हती, बाई नव्हत्या. शेजारी नवे, कुणाला काय सांगणार? पहिल्याच आठवड्यात दादा रुळांच्या बाजूला गेला. गँगमननं ओढून आणला म्हणून वाचला. दुसऱ्या दिवसापासून मी बाहेरून कुलूप लावून शाळेत जाऊ लागले.

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. वाटीत भात-आमटी झाकून ठेवायची, पाण्याचा तांब्या ठेवायचा, कोपऱ्यात बादली ठेवायची आणि माझ्या तिशीच्या भावाला सात तास कोंडून मी दुसऱ्यांच्या मुलांना कविता शिकवायला जायचे. संध्याकाळी यायचे तेव्हा तो खिडकीचे गज धरून उभा असायचा. कामावर गेलो होतो असं म्हणायला आता काही नव्हतं.

त्याला काहीतरी हातात असावं म्हणून मी कापूस आणला. सरकी काढलेला, स्वच्छ. पुढ्यात ठेवला. त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले. मला वाटलं, विसरला. मी एक वात वळून दाखवली. हात मागेच. आठ दिवस मी रोज कापूस ठेवत होते आणि संध्याकाळी तो तसाच्या तसा. एके दिवशी शाळेत कसली तरी कटकट झाली होती, डोकं उठलं होतं, आणि घरी येऊन तो कापूस बघितल्यावर माझा तोल गेला. मी त्याला नको नको ते बोलले. आयतं खायला बरं जमतं, असंसुद्धा बोलले. आपल्या दादाला. त्यानं मोठा श्वास घेतला.

"माझे हात वाईट आहेत," तो म्हणाला.

म्हणजे बाईंच्या दिराचे ते शब्द ह्यानं ऐकले होते, धरून ठेवले होते, आणि इतके महिने तो आपले हात कापसापासून जपत होता. मग मी सगळं सांगायचं ठरवलं. त्याचे हात माझ्या हातांत घेतले आणि म्हटलं, दादा, तुझे हात वाईट नाहीत, तुझं काही चुकलं नाही. आई कल्याणला गेली नाही. आई वारली. त्या दिवशी सकाळी ती झोपली नव्हती, ती गेलेली होती. घरात माणूस गेलं की देवाच्या कामाला हात लावायचा नसतो, आणि मी तुला ते सांगितलं नाही. चूक माझी आहे. मी बोलत होते आणि रडत होते, आईच्या वेळचं सगळं रडं तेव्हा आलं. मला वाटत होतं की आता हा ओरडेल.

तो माझ्याकडे शांतपणे बघत होता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "मी पाय धरले होते. गार होते." मग पुन्हा श्वास घेतला, ह्या वेळी बराच वेळ. "मला घरी थांबायचं होतं. तू म्हणालीस जा."

आईच्या पायांशी त्याला थांबायचं होतं. त्याला कळत होतं, माझ्याहून जास्त कळत होतं. त्यानं एवढंच केलं, की धाकटी बहीण म्हणाली तसं तो उठून कामाला गेला, आणि तिला दिसू नये म्हणून महिनोन्महिने आईचं नाव काढलं नाही. मी त्याला काहीच राहू दिलं नाही. मुलगा राहू दिलं नाही आणि कामाचा माणूसही राहू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा होतीच. मी भात झाकून ठेवला, पाणी ठेवलं, पिशवी घेतली आणि उंबऱ्यात उभी राहिले. पाय निघेना. कुलूप खिडकीत पडलेलं होतं. दादा उठला, ते घेऊन आला आणि त्यानं ते माझ्या हातात दिलं.

मी ते लावलं आणि शाळेत गेले.